एक्केचाळीस नंबरचा वाण

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले. गाडी फक्त वीस मिनिटं उशिरा, आणि स्टेशनवर भाईदासभाऊ चौधरी स्वतः जीप घेऊन उभे. मालकाने नोकरीवर रुजू होणाऱ्या माणसाची बॅग उचलावी, असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडलं. नको नको म्हणत मी मागे धावत राहिले.

खोली सिंधीपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण मालतीकाकू. त्यांनी चहाबरोबर वाटीभर दराबा, इथली रव्या-तुपाची मिठाई, पुढे केला आणि मी तो सगळा संपवला. खालच्या गल्लीत लूमचा खडखडाट दिवसभर चालतो. काकू म्हणाल्या, आठ दिवसांत ऐकू येईनासा होईल. खिडकीला दुपारचं ऊन आहे, नळाला पाणी आहे, कपाटाला कुलूप आहे. आणखी काय पाहिजे?

सदतिसाव्या वर्षी पहिली कायमची नोकरी. पुण्यात नऊ वर्षं सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर जिवाणूंमधला आरएनए कसा तुटतो ते मोजत बसले. दर जूनला आणि दर डिसेंबरला वाटायचं, आता संपलं. आज आईला फोनवर ‘कायम’ हा शब्द दोनदा सांगितला. दमलेय खरं, पण चांगलं दमलेय.

५ नोव्हेंबर, बुधवार
प्रयोगशाळा इच्छापूर रस्त्यावर, तिन्ही बाजूंनी केळीचे मळे. पुढच्या दालनात बाटल्यांत वाढवलेली केळीची रोपं, त्यावर पंधरा-वीस बायका काम करतात. मागच्या दोन खोल्या माझ्या. तिथे ‘स्थिरा’ हे फवारणीचं औषध तयार होतं.

भाईदासभाऊंनी समोर बसवून समजावलं. इथली केळी ट्रकने दिल्ली-पंजाबला जातात आणि वाटेत पिकली की नुकसान. दीड वर्षापूर्वी त्यांच्या मळ्यातल्या मातीत यशवंत सोनवणे नावाच्या त्यांच्या माणसाला एक जिवाणू सापडला. त्याच्या वहीत तो एक्केचाळिसावा, म्हणून वाण एक्केचाळीस. तो पाण्यात कालवून घडांवर फवारला की केळी तीन-तीन आठवडे हिरवी राहतात. शिवाय बाटलीत, साध्या कपाटात, हा जिवाणू पंधरा महिने जिवंत राहतो. हे ऐकून मी पेन खाली ठेवलं. इतर जिवाणू सहा महिन्यांत निम्मे मरतात.

परवान्यासाठी सरकारला लिहून द्यावं लागतं की हे घडतं कशामुळे. “तेवढं तुम्ही लिहून द्या, मॅडम,” भाऊ म्हणाले. “आम्हाला दिसून राहिलं, पण सांगता येऊन नाही राहिलं.”

यशवंत दसऱ्यापासून रजेवर आहे. थकवा आहे म्हणे. त्याचं टेबल मला दिलं. पहिल्याच दिवशी फ्लास्कचं बूच निघून पाव लिटर एक्केचाळीस माझ्या दोन्ही हातांवर सांडला. निरुपद्रवी वाण आहे, कागदोपत्री तपासण्या झाल्यात. साबणाने हात धुतले, झालं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पूनम ही ऑफिसातली मुलगी, अठ्ठावीसची, बीएस्सी. नोंदी ठेवते. तिला चौथा महिना संपत आलाय. दुपारी डबा खाताना तिने विचारलं, मॅडम, आरएनए तुटतो म्हणजे नेमकं काय. तिच्यासाठी जे सांगितलं तेच उद्या सरकारला लिहायचंय, म्हणून इथे उतरवते.

पेशीत डीएनए म्हणजे कपाटात बंद केलेला मोठा ग्रंथ. तो बाहेर काढत नाहीत. ज्या कामाची गरज, त्याची एक चिठ्ठी उतरवून घेतात, ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी वाचून प्रथिन बनतं, प्रथिन काम करतं. पण चिठ्ठी तशीच राहिली तर पेशी तेच काम करत बसेल. म्हणून जिवाणू चिठ्ठ्या फाडतात, तीन-चार मिनिटांत. त्यासाठी एक प्रथिन असतं, ते म्हणजे कातर. आणि कातर सुटी सोडून चालत नाही, म्हणून दुसरं एक प्रथिन तिला धरून ठेवतं. किती फाडायचं, कधी फाडायचं, ते हे दुसरं ठरवतं.

पूनम म्हणाली, मतलब चौकीदार. मी म्हटलं, बरोबर, चौकीदार. पुण्यात नऊ वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार
चिठ्ठ्या किती वेगाने फाटतात त्या मोजणीला एकटीचे हात पुरत नाहीत. नव्या चिठ्ठ्या बनणं थांबवणारं औषध टाकायचं, आणि मग अर्ध्या मिनिटाला, एक, दोन, चार, आठ मिनिटांना नमुना काढून बर्फात मारायचा. भाऊंना विचारून पूनमला मागच्या खोलीत घेतली. ती घड्याळ धरते, नळ्या उघडते, झाकते. हातमोजे संपलेत, सोमवारी येतील. एवढ्या साध्या वाणाला मोज्यांवाचून अडू नये म्हणून आम्ही तसंच केलं.

शनिवारी तिची सोनोग्राफी झाली होती. फोटो दाखवला. अठरा आठवडे, सगळं ठीक. चिमटीएवढा पाय दिसत होता.

निकाल विचित्र आहे. पोट भरलेलं असताना एक्केचाळीस चारचौघांसारखा. उपाशी ठेवला की पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्या चिठ्ठ्या साफ. एकही उरत नाही. इतर कुठलाही जिवाणू अशाने मरेल. हा नुसता थांबतो.

३० नोव्हेंबर, रविवार
कारण सापडलं. एक्केचाळीस उपाशी राहिला की एक छोटं प्रथिन बनवतो, ते चौकीदाराला कातरीवरून बाजूला काढतं. पूनमने त्याचं नाव ठेवलं ‘चाबी’. कातर मोकाट सुटते, सगळे निरोप फाडते, पेशीत कसलीच हालचाल राहत नाही, म्हणून ती झिजतही नाही. पंधरा महिने टिकते ती अशी. अंग आखडून पडून राहते.

आणि ही चाबी पेशीबाहेर पाझरते. केळीच्या सालीत शिरते, सालीतले पिकण्याचे निरोप फाटतात, केळ हिरवं राहतं. सुंदर काम आहे. एखाद्या मोठ्या ठिकाणी छापून यावं इतकं. आनंदाने नाचायला हवं होतं.

दुपारी दोन वाजता झोपले ती साडेसहाला काकूंनी दार वाजवल्यावर उठले. नऊ वर्षांचा थकवा निघतोय असं त्या म्हणाल्या. असेल. भूक नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार
पूनमचा वाढदिवस. तिने सगळ्यांना इतवाऱ्याच्या बाजारातून मावा जिलेबी आणली, गरम. मी घास घेतला आणि ओला पुठ्ठा चावल्यासारखं झालं. सर्दी नाही, ताप नाही. दुसरा घास घेतला, तसाच. पूनमकडे पाहिलं. तीही तिची जिलेबी हातात धरून बसली होती.

तिने विचारलं, ताई, तुम्हालाही चव नाही ना. आजकाल ती मला ताई म्हणते. मी म्हटलं, थंडी आहे, होतं असं.

घरी येऊन पाय धुताना नखांकडे लक्ष गेलं. नाशिकहून, आईकडून, निघायच्या आदल्या दिवशी कापली होती. पाच आठवडे झाले. तशीच आहेत.

१२ डिसेंबर, शुक्रवार
अर्धी रजा टाकून लोधीपुऱ्यात यशवंतच्या घरी गेले.

त्याची बायको भागीरथी दारातच म्हणाली की हे आजारी नाहीत. दोन डॉक्टर झाले, सगळे रिपोर्ट झाले, दोघांनी टॉनिक दिलं. फक्त बसून राहतात. यशवंत अंगणात उन्हात खुर्चीवर होता. पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला माणूस, मला पाहून उठायला लागला, ते अर्ध्यात सोडून परत बसला. गाल गुळगुळीत. मी म्हटलं, दाढी करून बसलात. भागीरथी हळूच म्हणाली की दसऱ्यापासून केलीच नाही.

त्याने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. सप्टेंबरात काच लागली होती. चीर उघडी आहे. रक्त नाही, पू नाही, खपली नाही. मुळ्यावर सुरी फिरवावी तशी स्वच्छ, कोरडी चीर, आतलं पांढरं दिसणारी. तीन महिने.

मी विचारलं, दुखतं का. त्याने बोट परत मांडीवर ठेवलं.

“दुखत नाही, मॅडम. थकवाबी नाही हा. आतून कोणी काही सांगूनच नाही राहिलं.”

मी अजून चाबीबद्दल त्याला काहीच बोलले नव्हते.

निघताना भागीरथीने विचारलं की हे जेवत नाहीत, तरी वजन कसं कमी होत नाही. मी मान हलवली आणि रिक्षा शोधायला लागले.

१५ डिसेंबर, सोमवार
स्वतःच्या गालाच्या आतून काडीने पेशी खरवडल्या. पूनमच्या घेतल्या, कारण न सांगता. मालतीकाकूंच्याही घेतल्या. त्यांना वाटलं, दातांची तपासणी आहे, मग त्यांनी सगळे दात दाखवले. तिन्हींतला आरएनए काढून जेलवर चढवला, त्या चकतीवर आरएनए असेल तिथे उजळतं.

काकूंच्या रकान्यात जसा दिसायला हवा तसा, वरपासून खालपर्यंत उजळ पट्टा.

माझा रकाना कोरा. पूनमचा जवळजवळ कोरा.

आपल्या पेशींचं कुलूप निराळं असतं. मी शिकले, शिकवलं, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले. जिवाणूची चाबी माणसाला लागू नये. तीनदा केलं. तीनदा तेच.

आपण जिवंत आहोत याचं आश्चर्य वाटायला हवं. तेही धड वाटत नाही. खुर्चीवर बसले तर उठावंसं वाटत नाही.

२० डिसेंबर, शनिवार
पूनमची सोनोग्राफी. मी बरोबर गेले. दिवस मोजले तर तेविसावा आठवडा. मशीन एकोणीस दाखवतं. ठोके व्यवस्थित. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारखेत चूक झाली असेल, दोन आठवड्यांनी परत या. पूनमचा नवरा हिशोब सांगायला लागला, त्याला त्यांनी थांबवलं.

मागच्या खोलीत तिला मीच नेलं. मोजे आल्यावर सुरू करू म्हणता आलं असतं. चार दिवसांचा प्रश्न होता.

तिला अजून काही सांगितलेलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार
भाईदासभाऊंना सगळं सांगितलं. जेल दाखवलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवले आणि म्हणाले की दीड वर्ष झालं, फवारा मीच कालवतो. उजव्या तळव्यावर जुनी, उघडी चीर.

मला वाटलं होतं, चिडतील. घालवून देतील. ते फक्त म्हणाले, “चला.”

जीपने त्यांच्या मळ्यात गेलो. केळीला आठ-दहा दिवसांत एक पान येतं, मधोमध गुंडाळीसारखा पोंगा वर सरकतो आणि उलगडतो. त्यांनी दिवाळीला काही पोंग्यांवर चुन्याने खूण केली होती. खुणा आहेत तिथेच. पोंगे अर्धे बाहेर येऊन थांबलेत. बुंध्याशी फुटलेली पिलं गुडघ्याएवढी, तेवढीच. ना पिवळं, ना वाळकं. वारा होता, पानं हलत होती. बाकी त्या चार एकरांत काहीच होत नव्हतं.

भाऊ म्हणाले, थंडीत केळ मंदावतंच, असं मी लोकांना सांगून राहिलो. स्वतःलाही.

भरलेले सगळे ड्रम त्यांनी आज कुलपात टाकले. पण डिसेंबरच्या सुरुवातीला ओळखीच्या सात शेतकऱ्यांना त्यांनी आपल्या हाताने कॅन दिले होते, चाचणीसाठी. तिथे फवारणी झाली. घड पुसायला, भरायला बायका असतात, उघड्या हातांनी.

त्या सातांची नावं मागितली. सांगतो म्हणाले. आधी मी स्वतः जाऊन एकेकाशी बोलतो, माझ्या शब्दावर घेतलंय त्यांनी, असंही म्हणाले.

२६ डिसेंबर, शुक्रवार
पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांना सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं, जेल दूषित असणार, तू विश्रांती घे. कृषी खात्याला कळवलं, पोच मिळाली.

उपाय शोधतेय. चाबी धुतली जात नाही. ताजं अन्न दिलं तरी झोपलेले उठत नाहीत. आज अकरा प्रकार करून पाहिले. दोन प्रयोगांच्या मध्ये डोकं टेबलावर टेकवते आणि तास जातो.

३० डिसेंबर, मंगळवार
ऊब. बेचाळीस अंश सेल्सिअसवर वीस मिनिटं. उष्णता लागली की जिवाणू नवा चौकीदार बनवतो, तेवढी एक चिठ्ठी कातरीला सापडत नाही. चौकीदार कातर धरतो, निरोप टिकतात, पेशी उठते.

काडीवरच्या माझ्या पेशींवरही तेच करून पाहिलं. कोऱ्या रकान्यात पट्टा आला. फिकट, पण आला.

माणसाला बेचाळीस देता येत नाही. पण ताप येतो. एकशे दोन, एकशे तीनने कदाचित —

आज तीन आठवड्यांनी काकूंशी दोन वाक्यं जास्त बोलले.

३ जानेवारी, शनिवार
सोनोग्राफी. पंचवीस आठवडे. मशीन एकोणीसच दाखवतं. ठोके व्यवस्थित. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि मग इंदूरला न्या म्हणाल्या.

पूनमला हॉस्पिटलच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. मोज्यांचंही. ती रडली नाही. म्हणाली, “महिना झाला, ताई, ते हलूनच नाही राहिलं. मला वाटलं, माझ्यासारखंच दमलं असेल.”

५ जानेवारी, सोमवार
गावात तापाची साथ आहे. भागीरथीचा सकाळी फोन. यशवंतला काल ताप भरला, एकशे दोन. आणि आज गालावर दाढी उगवलीय, रात्रीतून. भाकरी मागून घेतली, तीन खाल्ल्या, वर मिरचीचा ठेचा. हसले, म्हणे. ती फोनवर रडत होती, आनंदाने.

मी पण रडले. आता उपाय सापडला. दुपारी जाऊन रक्ताचा नमुना घ्यायचा ठरवलं.

पाच वाजता पोचले. अंगणात माणसं उभी होती.

६ जानेवारी, मंगळवार
काल लिहिता आलं नाही.

दुपारी दोननंतर बोटाच्या चिरेतून रक्त यायला लागलं. भागीरथीला आधी बरं वाटलं. मग हिरड्यांतून, नाकातून. नखं वाढत होती, ती सांगते, बघता बघता वाढत होती. दाढी छातीपर्यंत नाही पण — पुष्कळ. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तो शेवटपर्यंत जेवायला मागत होता.

तापीकाठी गेलो. भाईदासभाऊंनी खांदा दिला. नंतर माझ्याशी बोलले नाहीत.

७ जानेवारी, बुधवार
का ते पाहिलं पाहिजे होतं. आधीच पाहायला हवं होतं. मी फक्त ताजे झोपलेले उठवून पाहिले होते.

कपाटात दर आठवड्याची एक बाटली आहे, भरल्याच्या तारखेसह. प्रत्येकीतला थेंब बेचाळीस अंशांवर ठेवला. पन्नास दिवसांपर्यंतचे झोपलेले उठतात आणि नीट जगतात. साठ दिवसांचे, निम्मे फुटतात. सत्तरच्या पुढचे सगळे. साचून राहिलेलं सगळं काम एकदम सुटतं. आधी जोरात वाढतात. मग फुटतात.

यशवंत दीड वर्ष.
भाऊ दीड वर्ष.
मी त्रेसष्ट दिवस.
पूनम अठ्ठेचाळीस.

८ जानेवारी, गुरुवार
पूनमला आकडे सांगितले. मी काही ठरवणार नाही, तिला म्हटलं. तापाने पोटातल्याचं काय होईल ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. आणि तीन-चार दिवसांनंतर ताप आला तर —

तिची सासू दोन दिवसांपासून तापाने पडलीय. मीच तिला त्या खोलीत जाऊ नको म्हणून बजावलं होतं.

ती उठली, ओढणी नीट केली. सासूबाईंना पेज भरवायला कोणी नाही, मी जाऊन बसते, म्हणाली.

९ जानेवारी, शुक्रवार
डॉक्टरीणबाईंकडे गेले. जेल, बाटल्या, यशवंतची हकीकत. त्यांनी ऐकून घेतलं. दोन सोनोग्राफ्या त्यांनी स्वतः मोजल्यात, म्हणून ऐकलं. पूनमला दाखल करून घेतात. ताप आला तर डोळ्यांसमोर.

१० जानेवारी, शनिवार
पूनमला ताप. एकशे एक पूर्णांक चार. एक्कावन्नावा दिवस.

मी बाहेर बाकावर. नर्सने चहा दिला, कोमट पाणी वाटलं.

तिचा नवरा दर दहा मिनिटांनी विचारतो, काय होईल. त्याला मी कोण वाटते कोण जाणे.

११ जानेवारी, रविवार
हललं.

सकाळी सव्वानऊला. तिने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. आतून एक टक्कर, मग दुसरी. ताप उतरतोय. कुठूनही रक्त नाही. भूक लागलीय, जिलेबी मागते, नवरा धावत गेला. डॉक्टरीणबाई चष्मा काढून पुसत राहिल्या.

त्यांनी आता विश्वास ठेवलाय. म्हणाल्या, त्या सात मळ्यांतल्या बायकांना चाळीसच दिवस झाले असतील ना. मग वेळ आहे अजून. एकेकीला दाखल करून घेऊ. यादी द्या.

यादी भाऊंकडे आहे. डोक्यात.

फोन उचलत नाहीत. घरी कळलं, कालपासून ताप.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळ
मालतीकाकूंनी कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, पोरी, तू तापलीस.

बाकावर तीन दिवस. दुसरं काय होणार.

अडुसष्टावा दिवस.

काकूंनी गरम भाकरी आणि ठेचा आणला. चव आली. ज्वारी, मीठ, लसूण, तव्याचा जळका काठ. दोन महिन्यांनी. इतकं चांगलं काही मी आयुष्यात — चार भाकरी खाल्ल्या. थांबता येत नव्हतं. काकू खूश झाल्या. त्यांना सांगितलं नाही.

थकवा अजिबात नाही. अंग हलकं. आईला फोन केला, ती म्हणाली, आज आवाज किती छान येतोय.

साडेदहा
भाऊंचा फोन आला. बोलताना तोंडात काहीतरी भरल्यासारखा आवाज. म्हणाले, नावं घ्या, मॅडम, लवकर. जाऊन बोललोच नाही कोणाशी. हिंमत झाली नाही. मी म्हटलं, थांबा, वही घेते. थांबले नाहीत. एका दमात सातही सांगितली, कुठे किती बायका तेही. मग मागे कोणी किंचाळलं आणि फोन पडला.

वही हाती येईपर्यंत — आठवतात. सगळी आठवतात. क्रमाने लिहिते. पूनमचा नवरा घ्यायला येतोय, वही त्याच्या हातात द्यायची. डॉक्टरीणबाईंना.

एक. रितेश महाजन, दापोरा. बायका नऊ.

दोन. चेतन पाटील, शहापूर रस्ता, विहिरीजवळचा मळा. बायका सहा.

तीन. निरंजन चौधरी, भाऊंचे चुलतभाऊ. बायका आठ, एक बाळंतीण —

पानावर पडलं. नाकातून. पुसलं. वरची नावं वाचता येतात.

चार. रोहित पाटील. इच्छापूर. बायका पाच.

नखं पेनला लागतात —

पाच. राहुल बारी — बारी की बारेला — फोनवर नीट — बारी. खकनार. बायका अकरा.

काकू दार वाजवतायत. उघडायला वेळ नाही

सहा. नदीच्या पलीकडे. सगळ्यात मोठा मळा. बायका साठ, दोन गावांतून येतात, सगळ्या उघड्या हातांनी. भाऊ दोनदा म्हणाले, हा पहिला गाठा. मळा मंगलाबाई — नाही, मंगलाबाई बायको. मालकाचं नाव